पाहुण्यांना पोचवायला गेलेला दादा

श्रीवर्धनच्या आमच्या वाचनालयाच्या उत्सवाला दर साली बाहेरगावचा वक्ता आणत. त्या साली वडील चिटणीस होते. स्वतः पुण्याला जाऊन त्यांनी एक नामांकित वक्ते ठरवून आणले आणि उतरवले अर्थात आमच्याच घरी.

"तरुणांनो, सुपारीच्या सावलीत किती दिवस बसणार? घराबाहेर पडा," असं ते गृहस्थ कडाडले. टाळ्या सगळ्यांत आधी वडिलांनीच वाजवल्या.

पाहुण्याला घरच्या मुलाने बोटीपर्यंत पोचवायची आमच्याकडची रीत. म्हणून दादा त्यांची ट्रंक घेऊन बैलगाडीने दिघी बंदरावर गेला. दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी परत आली. गाडीवान खाली बघत म्हणाला, "सामान ठेवायला बोटीत चढला, तो उतरलाच न्हाय."

आईने त्या दिवशीही दादाचं पान मांडलं होतं.

बरेच दिवस वाट पाहून वडील पुन्हा पुण्याला गेले. वक्त्यांनी चहा दिला, आमच्या सुपारीची तारीफ केली. बरोबर आलेला मुलगा मात्र त्यांना काही केल्या आठवेना. मुंबईच्या धक्क्यावर ट्रंक हमालाने उचलली होती, एवढंच त्यांना सांगता आलं.

दादा पुढे कुणालाच दिसला नाही.

पुढच्या उत्सवाआधी मंडळी घरी आली. यंदा कोणाला बोलवावं, म्हणून विचारू लागली. वडिलांनी त्यांच्यापुढे पानाचं तबक सरकवलं आणि ते शांतपणे म्हणाले, "कुणालाही आणा. फक्त चांगला बोलणारा नको."