वरची ओळ हेल्गाची, खालची शालिनीताईंची

शालिनीताई होल्त्सर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका गोठ्यात. झिंडेलफिंगेनच्या पुढच्या एका खेड्यातला हा गोठा. गुरं केव्हाच विकली गेली होती आणि गवताच्या गठ्ठ्यांवर फळ्या टाकून तिथे बसायची सोय केलेली होती. श्टुटगार्टला पीएच.डी.साठी येऊन मला चार महिने झाले होते. प्रयोगशाळेतला एक सहकारी ‘आमच्याकडचं वेस्टर्न फेस्ट बघायला चल’ म्हणून रविवारी दुपारी मला घेऊन गेला. आत टोप्या आणि उंच बूट घातलेले जर्मन काकाकाकू अमेरिकन गुराख्यांसारखे ओळीने नाचत होते, आणि मंचावर गिटार घेऊन एक बाई गात होत्या. अंगात चौकड्यांचा शर्ट, पाठीवर पिकत चाललेली वेणी, कपाळावर कुंकू. गाणं अमेरिकन कंट्री संगीतातलं. दोन गाण्यांच्या मधे लोकांशी बोलणं मात्र इथल्या अस्सल श्वेबिश बोलीत.

मी पार गोंधळून गेलो. तो गोंधळ आज अठरा वर्षांनीही पुरता गेलेला नाही, आणि ताईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात तो लपवावा असं मला वाटत नाही.

मध्यंतरात धीर करून मी जवळ गेलो आणि इंग्रजीत विचारलं, आपण भारतातल्या का. ताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मराठी दिसतोस. मग इंग्रजी कशाला? जेवलास का?”

“नाही.”

“आधी जेव. तिकडे बटाट्याचं सॅलड आहे, त्यात मांस नाही, मी विचारून ठेवलंय. बोटांना घट्टे दिसतात. गिटार वाजवतोस?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे किती ते पुढच्या रविवारी बघू.”

पुढच्या रविवारी मी त्यांच्या मागे गिटार घेऊन उभा होतो. मला त्यातली सहा गाणी येत होती, कार्यक्रम वीस गाण्यांचा होता. उरलेल्या चौदा गाण्यांना काय केलं ते मला आठवत नाही. ताईंना आठवतं, पण त्या सांगत नाहीत.

ताई मूळच्या मिरजेच्या, माहेरच्या शालिनी दाबके. वडील रेल्वेत कारकून. सहा वर्षं त्या रीतसर शास्त्रीय गाणं शिकल्या. परिचारिकेचं शिक्षण घेऊन तेविसाव्या वर्षी त्या श्टुटगार्टच्या एका रुग्णालयात रुजू झाल्या आणि पुढे इथल्याच वाल्टर होल्त्सर यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मिरजेत यमन गाणारी मुलगी कंट्री संगीताकडे कशी वळली, हा प्रश्न त्यांना प्रत्येक जण विचारतो. मीही विचारला होता. त्यांचं उत्तर इतकं साधं होतं की मला ते बरेच दिवस खरं वाटलं नाही.

रुग्णालयाच्या तळघरात लाँड्री होती. तिथे हेल्गा नावाची एक मुलगी काम करायची. अमेरिकन फौजेच्या रेडिओवर दिवसभर कंट्री गाणी लागत आणि हेल्गा मोकळ्या गळ्याने त्यांच्याबरोबर गायची. चादरींच्या घड्या घालायला दोन माणसं लागतात. एकदा वॉर्डासाठी चादरी आणायला गेलेल्या ताईंनी दुसरं टोक धरलं आणि त्याही गाऊ लागल्या. हेल्गाची पट्टी त्यांना चढी होती. म्हणून त्यांनी खाली जो सूर जुळेल तो धरला.

“कुणी शिकवलं तुम्हाला हे?” मी विचारलं.

“कुणी नाही. वर जागा नव्हती, म्हणून खाली गेले.”

त्या चादरीतून, इथल्या नेकार नदीचं नाव घेऊन, ‘नेकार सिस्टर्स’ ही जोडी जन्मली. एक सोनेरी केसांची, उंच. दुसरी सावळी, तिच्या खांद्याला लागणारी. दोघी बहिणी आहेत यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही आणि त्या गमतीनेच कार्यक्रमाची सुरुवात व्हायची. अमेरिकन सैनिकांचे क्लब, ट्रकवाल्यांचे मेळावे, खेड्यापाड्यांतल्या जत्रा, असं पंधरा वर्षं दोघींनी गायलं, तेही नोकऱ्या सांभाळून. एक तबकडी निघाली, दोन कॅसेट निघाल्या. त्या तबकडीवर ताईंचा आवाज हेल्गाबाईंच्या आवाजाखाली असा चालतो की कान देऊन ऐकलं तरच कळतो, आणि एकदा कळला की दुसरं काही ऐकू येत नाही.

मग जोडी फुटली. दोन वर्षं ताई गायल्याच नाहीत. त्यानंतर एकट्या गाऊ लागल्या, त्याला आता तेहेतीस वर्षं होतील. एकट्याने गाताना त्यांनी स्वतःची जर्मन गाणी रचली. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांवरची, लाँड्रीतल्या वाफेवरची. एखादा सूर लांबवताना त्यांच्या गळ्यात मिरज डोकावते आणि समोरचे ट्रकवाले बियरचा ग्लास खाली ठेवतात. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

त्यांच्या तत्त्वांबद्दल लिहायचं तर मी पुन्हा गोंधळतो. एका आयोजकाने त्यांना सुचवलं की साडी नेसून वर काउबॉयची टोपी घाला, पोस्टर छान दिसेल. ताईंनी तो कार्यक्रम तिथल्या तिथे नाकारला. “मी नमुना म्हणून उभी राहणार नाही,” त्या म्हणाल्या. मी भारावून गेलो. पुढच्याच आठवड्यात आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला ताई नऊवारी नेसून आल्या, पायात मंचावर घालायचे उंच बूट. मी बघतच राहिलो.

“अरे, बाहेर चिखल आहे,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांच्या मायेबद्दल मात्र माझ्या मनात काडीचाही गोंधळ नाही. माझी आई तीन महिन्यांसाठी इथे आली तेव्हा हिवाळा होता. मी कामावर, ती घरात. आठवड्याभरात ती बोलेनाशी झाली. ताईंना हे कळल्यावर त्या आल्या आणि त्यांनी आईला एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, एकटीने जायला शिकवलं. चार दिवस बरोबर गेल्या. पाचव्या दिवशी तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. तीवर देवनागरीत लिहिलं होतं: ‘एंटशुल्डिगुंग, इश मुस हिअर आउसश्टाइगन.’ खाली अर्थ: ‘माफ करा, मला इथे उतरायचंय.’ त्यानंतर आई रोज कुठेतरी उतरायची. परत जाताना तिने ती चिठ्ठी पासपोर्टात ठेवली.

आता या लेखाचा मुख्य भाग. संपादकांनी ताईंच्या कारकिर्दीवर लिहायची जबाबदारी माझ्यावर टाकली आणि एक प्रश्न विचारला: जोडी का फुटली? मला ठाऊक नव्हतं. लाँड्रीची ती गोष्ट सोडली तर हेल्गाबाईंचं नाव ताईंच्या तोंडून मी एकदाच ऐकलं होतं. जोडीच्या काळातलं एक गाणं बसवताना त्या चाल सोडून भलतंच गातायत असं मला वाटलं. मी थांबवून विचारलं, तर म्हणाल्या, “वरची ओळ हेल्गाची आहे. मी माझी गाते.” पुढे काही विचारायची माझी छाती झाली नाही.

या वेळी विचारावंच लागलं. ताई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी तिला फसवलं. एवढंच लिही.”

गौरवग्रंथात हे कसं लिहायचं? शिवाय माझा विश्वासही बसेना. मंडळातल्या जुन्या लोकांकडे चौकशी केली तेव्हा कळलं की हेल्गाबाई त्सुफेनहाउझेनलाच राहतात. पस्तीस वर्षं या दोघी एकाच शहराच्या परिसरात, गाडीने वीस मिनिटांच्या अंतरावर राहत होत्या आणि एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

मी फोन करून गेलो. तिसऱ्या मजल्यावर हेल्गाबाईंनी दार उघडलं. केस आखूड कापलेले, चालताना धाप लागलेली. मी येण्याचं कारण सांगितलं.

“आल्झो, म्हणजे शालिनीने मला फसवलं?” त्या म्हणाल्या. “छे. ती तुम्हाला खोटं सांगतेय. फसवलं ते मी.”

मग त्यांनी सांगितलं. हॅम्बर्गला एक मोठा कार्यक्रम होता. शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, बंदरातल्या फेरीबोटीच्या धक्क्यावर एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने त्यांना बाजूला घेतलं. म्हणाला, आम्हाला जोडी नको, फक्त तुम्ही हव्यात. “मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, विचार करून सांगते. तिसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हणाले, पण दोन दिवस मी विचार केला ना! परतीच्या गाडीत शालिनी खिडकीबाहेर बघत बसली. चकार शब्द बोलली नाही. तिला सगळं कळलं होतं. त्यानंतर तिला तोंड दाखवायचं मला धैर्य झालं नाही.” त्या पुन्हा गायल्याच नाहीत.

मी घरी येऊन दोघींचं म्हणणं टिपलेले दोन्ही कागद समोर ठेवले. दोघी शुद्धीत, दोघी सरळ, आणि दोघीही म्हणतात दोष माझा. एक खरी असेल तर दुसरी काय सांगते आहे? मला काहीच उलगडेना. शेवटी मी दोन्ही बाजू जशाच्या तशा मसुद्यात लिहिल्या आणि तपासायला ताईंकडे नेल्या.

ताईंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. एका ठिकाणी बोट थांबलं.

“धक्क्यावर, असं म्हणाली?”

“हो.”

“शनिवारी दुपारी?”

“जेवणानंतर.”

ताईंनी चष्मा काढला. मी चुळबुळत बसलो. नको तिथे नाक खुपसून आपण काहीतरी मोडलं, असं मला वाटू लागलं.

“मला त्याने सकाळी गाठलं होतं,” ताई म्हणाल्या. “हॉटेलात, नाश्त्याला. हेच शब्द. जोडी नको, फक्त तुम्ही हव्यात.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“तेच. विचार करून सांगते. परत आल्यावर नाही म्हटलं. पण गाडीत तिच्याकडे बघवेना. मला वाटलं, तिला कळलंय, म्हणून ती गप्प आहे.”

त्या माणसाला दोघींपैकी कुणीही एक चाललं असतं. जी आधी हो म्हणेल ती. दोघीही हो म्हणाल्या नाहीत. दोघींनीही आपल्या मनात आलेल्या मोहाची पस्तीस वर्षं लाज बाळगली, आणि समोरची गप्प आहे म्हणजे रागावली आहे, असं दोघीही धरून चालल्या.

ताई उठल्या. “कोट दे माझा,” म्हणाल्या. “आणि चल. मजले किती आहेत?”

“तीन. लिफ्ट नाही.”

“चढेन.”

एस-बानमध्ये त्या सरळ बसून होत्या. मी दोनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, त्यांना ऐकू आलं नाही. तीन मजले चढायला आम्हाला बराच वेळ लागला. हेल्गाबाईंनी दार उघडलं आणि दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

“वेणी पांढरी झाली तुझी,” हेल्गाबाई म्हणाल्या.

“तुझे तर केस उरलेच नाहीत,” ताई म्हणाल्या.

मला वाटलं आता रडारड होईल, खुलासे होतील. ताईंनी हॅम्बर्गची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. हेल्गाबाईंनी ऐकली. मग त्यांनी विचारलं, “त्या माणसाचं नाव काय होतं ग?” ताईंना आठवेना. हेल्गाबाईंना स्वतःलाही आठवेना. दोघी आठवत बसल्या आणि एकदम इतक्या हसल्या की हेल्गाबाईंची धाप वाढली. ताईंनी लगेच त्यांची नाडी धरली आणि कुठल्या गोळ्या घेतेस म्हणून झापलं. त्यानंतर तीन तास बोलणं झालं ते लाँड्रीतल्या मुकादम बाईंबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि पेन्शनच्या अर्जांबद्दल. मी कोपऱ्यात कॉफी पीत होतो. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

परत येताना मी ताईंना विचारलं, पस्तीस वर्षांत एक फोन का नाही केलात?

ताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “मलाही कळत नाही रे,” त्या म्हणाल्या. “कळलं तर सांगीन तुला.”

“मग हे छापू का?”

“छाप. पण आधी हेल्गाला जर्मनमध्ये वाचून दाखव. आणि ‘फसवलं’ला कुठला शब्द घेतोस ते मला विचार.”

त्याप्रमाणे वाचून दाखवलं आहे. हेल्गाबाईंनी एकच दुरुस्ती सुचवली: त्या सावळ्या मुलीची उंची त्यांच्या खांद्याइतकी नसून कानाइतकी होती. ताई म्हणतात, खांदाच बरोबर आहे. यावरून मंगळवारी दोघींचं वाजलं, आणि त्यासाठी गुरुवारी पुन्हा भेटणं ठरलं.

या निमित्ताने आपण सगळे ताईंना दीर्घायुष्य चिंतणार आहोत. मीही चिंततो, पण माझं मागणं थोडं मोठं आहे. पस्तीस वर्षांचं बोलणं तुंबलेलं आहे आणि या दोघींच्या वेगाने ते संपायला निदान तेवढीच वर्षं लागतील. तेवढं आयुष्य शालिनीताईंना लाभो, तेवढंच हेल्गाबाईंना लाभो, आणि ते तीन मजले चढण्याइतके गुडघे दोघींचे शाबूत राहोत.