झबेदाच्या गाडीची दुसरी किल्ली

झबेदा म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीची मकचिक, मावशी. आमच्या तायपिंग शहरात कुणाच्याही घरी लग्न निघालं की नवरीचा पोशाख शिवायला तिच्याकडेच यायचे. हात मऊ आणि जीभ मात्र कडक. नवरा गेल्यावर शिवणयंत्र, पांढरी गाडी आणि एकुलता एक रुश्दी एवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

त्या रुश्दीने लांब जोहोरला नोकरीला असताना एका विधवेशी लग्न ठरवलं. तिला एक तान्ही मुलगी होती. तो हे सांगायला घरी आला तेव्हा मकचिकने दारातच सुनावलं, "दुसऱ्याचं लेकरू घेऊन येणारी सून मला नको."

"मग मीही नको असं समज, माक," असं आईला म्हणून तो गेला. गाडीची दुसरी किल्ली त्याच्या खिशातच राहिली. वडिलांनी ती त्याला कॉलेजात असताना दिली होती.

पुढे कित्येक वर्षं मायलेकांचं बोलणं नव्हतं. दरम्यान मकचिकची किल्ली इतकी झिजली की चार वेळा हलवल्याशिवाय फिरेना. शेवटी एकदा बाजारातच गाडी अडली. मी सोबत होते. जवळच्या किल्लीवाल्या कोक लिओंगला बोलावलं.

त्याने किल्ली हातात घेऊन पाहिली. "आंटी, हिचे दात गेले की! तुमच्याआधी हिलाच कवळी लागणार."

"माझे दात मोजू नकोस, किल्ली कर."

"करतो. पण हिच्यात चिप असते. माझं यंत्र लावलं की गाडी जुन्या सगळ्या किल्ल्या विसरते. समोर असतील तेवढ्याच परत शिकवता येतात. घरी दुसरी असेल तर आत्ताच घेऊन या. नाहीतर तिने दार उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही."

मी मकचिककडे पाहिलं. तिने पर्स बंद केली.

"दुसरी नाही."

"मकचिक, रुश्दीकडे आहे ना?" मी हळूच म्हटलं.

"लेला, तुला विचारलं का कुणी? नाही म्हणजे नाही."

कोक लिओंगने स्टिअरिंगखाली तार जोडली, काहीतरी बटणं दाबली. नवी किल्ली लगेच फिरली. मकचिक गाडी चालवत घरी आली.

त्याच वर्षी ईदच्या आधी ती एका नवरीला पोशाख घालायला गेली होती. नवरीकडच्यांनीच तिला नेलं होतं, त्यामुळे गाडी अंगणात उभी होती. दुपारी रुश्दी आला, एकटाच. मला पाहून हसला.

"माक कुठेय?"

"कंपुंग बोयानला, लग्नघरी."

"मग मीच आणायला जातो. आपलीच गाडी दारात आलेली बघून तोंड उघडंच राहील तिचं!"

त्याने दार उघडलं. आत बसून वडिलांसारखाच आरसा सरळ केला. किल्ली फिरवली. इंजिन जरासं गुरगुरलं आणि बंद पडलं. त्याने पुन्हा फिरवली. समोर किल्लीच्या चित्राचा तांबडा दिवा लुकलुकत राहिला. मी धावत गेले.

"अरे, किल्ली झिजली होती म्हणून नवी केली. त्यात जुनी बाद झाली."

"किल्लीवाल्याने दुसरी किल्ली मागितली नाही?"

मला खोटं सुचलं नाही. "मागितली होती. मकचिक 'दुसरी नाही' म्हणाली." तो किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "माकला सांग, आलो होतो." मी थांब म्हणत होते, तो रस्त्याला लागला.

मकचिक आली. किल्ली पाहून उंबऱ्यावरच बसली. फोन लावत राहिली. तो उचलत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही किल्ल्या कोक लिओंगसमोर ठेवल्या. तो काही न विचारता कामाला लागला.

ईद झाल्यावर आम्ही जोहोरला गेलो. गाडी मीच चालवली. रुश्दीने आईच्या हाताचं चुंबन घेतलं, बायकोने मासळीचं आंबट वाढलं, पोरगी नेनेक, नेनेक म्हणत आजीच्या बांगड्यांशी खेळली. निघताना मकचिकने किल्ली पुढे केली.

"आता चालते रे. दोन्ही चालतात."

"राहू दे, माक. तुझी हरवली तर असू दे जवळ."

आवाजात राग नव्हता. राग असता तर ती भांडली असती. परतताना वाटेतलं सेरेम्बान मागे पडलं. तशी ती म्हणाली, "'आहे' म्हणायला माझं काय जात होतं गं?"

आता ती मंडळी दर ईदला येतात. पोरीसाठी मकचिक नवा पोशाख शिवून ठेवते, तीही तो घालून मिरवते. मकचिक मागच्या खोलीत धुतलेली चादर घालते, पंखा पुसते. रुश्दी जेवतो, चहा पितो, आईच्या हाताचं चुंबन घेतो आणि सगळ्यांना घेऊन हॉटेलवर झोपायला जातो.