पेटीवरची टकटक

"काई घाई हाये का?" असं विचारून काका मधमाश्यांच्या पेटीवर बोटाच्या पेरानं एकदाच टक् करायचे, आणि फळीला कान लावून डोळे मिटायचे. मग घाई असली तरी सांगायची कुणाची हिंमत?

अमरावतीहून अचलपूरवरून अकोटला एसटीनं कधी गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. त्या गाडीवर ते कंडक्टर होते. उंच, सडसडीत, कानामागे पेन. म्हातारी उतरत असली की तिची पिशवी स्वतः खाली ठेवणार, दारातून वाकून पुढं-मागं पाहणार, आणि मगच घंटीची दोरी दोनदा ओढणार. ड्रायव्हर वैतागायचा. त्याला उत्तर ठरलेलं, "काई घाई हाये का?"

मी कॉलेजात असताना त्यांच्याच गाडीनं जायचो-यायचो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बीएस्सी झालो. हे मी मोठ्यानं सांगतो आणि सांगत राहीन. पण पुढच्या फजितीचं मूळही त्यातच आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोटला घरामागे सातेरी माश्यांच्या सहा पेट्या ठेवल्या. आमची अचलपूरकडे संत्र्याची बाग. माश्या असल्या की फळ चांगलं धरतं, हे मी वाचलेलं. मी एक पेटी मागायला गेलो, तर त्यांनी गाडीतलं तोंड ओळखलं. डिग्रीचं कळल्यावर म्हणाले, "मंग या ग्रॅज्युएट, बसा." तेव्हापासून मी ग्रॅज्युएटच.

पहिले चार रविवार त्यांनी मला झाकणाला हात लावू दिला नाही. नुसतं पेटीशेजारी बसवलं. मी समोर सरकलो की ओरडायचे, "दारात काहून उभा हायेस? उतरनाऱ्याले उतरू दे, चढनाऱ्याले चढू दे!" एखादी माशी पायांवर पिवळा पराग घेऊन आली की म्हणायचे, "पाह्य, लगेज घेऊन आली."

पाचव्या रविवारी टक् शिकवलं. "राणी असली का आतून 'हूं' म्हनते अन् गप होते. म्हंजे मोठं मानूस घरात हाये. राणी नसली का आवाज लांबते, थांबतच नाई." झाकण लावून झालं की पेटीवर दोन टक् मारायचे. डबल. म्हणजे चला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज यायचा, "माश्याइचं घर ऐकता दिवसभर. मी हाका मारून राहिली ते नाई आयकू येत." काकूंना माश्यांची भारी भीती. धुण्याच्या दगडापलीकडे त्या कधी आल्या नाहीत.

शेवटी पेटी मिळाली. बाबांनी विहिरीजवळची जागा दिली, आणि फवारा माश्या परतल्यावर, सांजचाच मारायचं कबूल केलं. "पन एकच हंगाम. टिकल्या तर टिकल्या, नाई तर त्या पेटीत मी कोंबडी बसवीन." गावात पारावर वेगळंच चालू होतं, "बीएस्सी करून माश्या मारून राहिला म्हंते!"

काकांनी सांगितलं होतं, पंधरा दिवसांत एकदा उघड. मला वाटलं, शिकलेल्या माणसानं नोंद ठेवायला पाहिजे. प्रॅक्टिकलच्या वहीसारखी वही केली. रोज सकाळी आठला झाकण उघडायचो, एकेक चौकट उचलायचो, अंडी किती, पोळं किती, सगळं तारखेनिशी लिहायचो. एका सकाळी चौकट परत सोडताना खाली काहीतरी दबलं. काढून पाहिलं. इतरांपेक्षा लांब अंगाची, तशी ती एकटीच असते.

वहीत त्या दिवशी मी लिहिलं, 'सर्व ठीक.'

चार दिवसांनी काकांचा फोन. "कशी हाये पेटी?"

"एक नंबर, काका."

"फोन ठेव तिच्यावर. अन् ठोक."

मी ठोकलं. आतला आवाज सुरू झाला तो लांबतच गेला. पलीकडे काका ऐकत होते. मग म्हणाले, "उद्या येतो," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते बसमधून उतरले तेव्हा छातीशी एक खोका धरलेला होता. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली, त्यांच्या सगळ्यांत चांगल्या पेटीतली चौकट होती, ताज्या अंड्यांची. दोन तास मांडीवर उभी धरून आणलेली. कंडक्टर पोरगं मागून हसत म्हणालं, "काका, खोक्यातल्याइचं टिकीट?"

"सारे मांडीवर हायेत. लेकराइले टिकीट नसते."

पेटीजवळ आम्ही दोघंच होतो. मी खिशातून काडेपेटी काढून उघडली. आत राणी होती.

"काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

मला वाटलं आता डिग्रीवरून टोमणा निघणार. त्यांनी बोटानं काडेपेटी मिटवली. "नोकरीच्या पयल्या महिन्यात एक बाई उतरून राहिली होती. मी पाह्यलंच नाई, डबल देल्ली. गुडघा फुटला तिचा. मी साहेबाले सांगतलं, तिचाच पाय घसरला." मग चौकटीवरचं ओलं फडकं सोडत म्हणाले, "ते बाई काई बोलली नाई. नुसती पाहे माह्याकडं."

त्यांनी चौकट आत सोडली आणि समजावलं. यातून निघणाऱ्या एखाद्या अळीला माश्या वेगळं खाऊ घालून राणी करतील. ती बाहेर येईल, उडून येईल, मग अंडी घालेल. महिनाभर झाकण उघडायचं नाही. "नाई जमलं, तं दुसऱ्यांदा द्याले माह्याजवळ काई नाई. ते वही दे इकडं."

वही घेऊन गेले. तो महिना मी कसा काढला ते मला माहीत. रोज पेटीशेजारी बसायचो, हात मांडीखाली दाबून. माश्या कमी होत चालल्या होत्या. बाबा येता-जाता विचारायचे, "कोंबडी आनू का?" मी ठोकायचो ते फक्त रविवारी. दोन रविवार तोच लांबट आवाज. तिसऱ्या रविवारी जरा आखूड वाटला, पण खात्री होईना. पाचव्या रविवारी ठोकलं, आणि आतून 'हूं'. आणि गप.

मी काकांना फोन केला, पेटीवर ठेवला, पुन्हा ठोकलं. पलीकडून फक्त दोन टक् ऐकू आले.

संत्र्याला माश्या आल्या. बाबांनी पेटीवर स्वतः टिनाचं छप्पर घातलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. महिन्याभरानं काकूंचा फोन आला, "पेट्या घेऊन जाय बापा. मले भेव लागते." दिवस मावळताना, माश्या घरात आल्यावर, मी चार पेट्या गाडीत चढवल्या. पाचवीला हात घातला तर मागे पावलं वाजली. काकू धुण्याचा दगड ओलांडून आल्या होत्या.

"आत कोनी हाये का, रे?"

"पाहा ना ठोकून."

त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला, भीत भीत पेरानं टक् केलं आणि फळीला कान लावला. डोळे मिटलेले. कितीतरी वेळ तशाच.

"हूं म्हनलं," त्या म्हणाल्या. मग फळीवर हात ठेवून, "हे राहू दे इथंच. अन् रविवारी येत जाय. मले काई येत नाई."

मी गाडीत बसलो, पण चालू करवेना. आरशात काकू दिसत होत्या. त्यांनी रस्त्यावर वाकून पुढं पाहिलं, मागं पाहिलं. मग गाडीच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं.