डॉक्टरांच्या गाडीतलं घड्याळ

माझी मामी बावीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात होती, पण तिथे तिने एकच काम केलं. केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलायची, जागेवर बसवायची आणि तबक पुढे सरकवायचं. कारखाना बंद पडला तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि अख्खं घड्याळ खोलून पुन्हा जोडणं तिला येत नव्हतं. ते ती घरीच शिकली, मामाच्या लग्नातल्या घड्याळाचा बळी देऊन. मामा अजून सांगतो, "तेव्हापासून माझी वेळ वाईटच चाललीये." दोनेक वर्षांत मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी तिचं टेबल लागलं आणि लोक दुरून दुरून घड्याळं घेऊन यायला लागले.

त्यातलेच एक म्हणजे गुरांचे डॉक्टर. वडिलांची जुनी गाडी घेऊन ते गोठ्यागोठ्यांतून फिरायचे. हात कोपरापर्यंत गाईच्या पोटात घालायचा म्हटल्यावर मनगटावर घड्याळ कुठून असणार? त्यांची सगळी भिस्त गाडीच्या डॅशबोर्डवरच्या गोल घड्याळावर. तेच बंद पडलं होतं. गॅरेजवाल्याने सांगितलं, "जुनं काढून टाका, आकडेवालं बसवा." डॉक्टरांच्या जिवावर आलं. त्यांनी ते काढून रुमालात गुंडाळून मामीकडे आणलं.

मामीने ते उघडलं. आत एक छोटी स्प्रिंग होती. ती दोन मिनिटं चालायची, सैल झाली की दोन टोकं एकमेकांना टेकायची, बॅटरीचा करंट यायचा आणि टक्‌कन झटका बसून स्प्रिंग पुन्हा ताणली जायची. त्या करंटच्या वाटेवरचा, जोड धरून ठेवणारा कथलाचा डाक वितळला होता. मामीने टोकं घासली, नवा डाक दिला आणि घड्याळ टेबलावर बॅटरीला जोडून आठवडाभर ठेवलं. ते एकदाही थांबलं नाही.

गाडीत बसवल्यावर ते चार दिवसांत बंद पडलं. डाक पुन्हा वितळलेला. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मामीचं जेवणातलं लक्ष उडालं. मामा म्हणाला, "अगं, दे सोडून. एवढं काय त्या डबड्यात?"

"माझ्याकडे नीट चालतं आणि त्यांच्याकडे चालत नाही," मामी म्हणाली. "म्हणजे मी काहीतरी बघितलेलंच नाही."

तिने डॉक्टरांना निरोप धाडला: तुमच्या फेरीला मला सोबत न्या.

सकाळी सातला तिने पुन्हा डाक दिलेलं घड्याळ गाडीत बसवलं आणि ती पुढच्या सीटवर बसली. गाडीच्या घरघरीत टकटक ऐकू येईना, म्हणून तिने घड्याळाच्या काचेवर दोन बोटं टेकवली आणि तशीच बसून राहिली. दर दोन मिनिटांनी बोटांना झटका लागायचा. डॉक्टर गोठ्यात गेले की तीही उतरून पाय मोकळे करायची. एका ठिकाणी तिने अडलेल्या वासराचे पुढचे दोन पाय धरले, तेही न बिचकता. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमचा हात स्थिर आहे."

त्या गोठ्यातून डॉक्टर भिजलेल्या कपड्यांनीच गाडीत बसले. समोरची काच धुरकटली, म्हणून त्यांनी पंखा लावला. थोड्या वेळाने मामीच्या बोटांना झटका लागला तो अगदी मरतुकडा.

"पंखा बंद करा," ती म्हणाली.

"समोरचं दिसणार नाही मग."

"गाडी बाजूला घ्या, पण बंद करा."

पंखा बंद झाला. दोन मिनिटांनी झटका आला, खणखणीत. पंखा पुन्हा लावला, पुन्हा मरतुकडा. मामीने चष्मा वर सरकवला, साडी खोचली आणि बासष्टाव्या वर्षी दुखऱ्या कमरेसकट डॅशबोर्डखाली पाठीवर आडवी झाली. डॉक्टरांनी टॉर्च धरला. पंख्याची आणि घड्याळाची अर्थिंगची वायर एकाच स्क्रूखाली कसलेली होती आणि तो स्क्रू गंजाने खाल्ला होता. पंखा लागला की घड्याळाला करंट पुरायचा नाही. झटका बसायचा नाही, टोकं चिकटून राहायची, तापायची आणि डाक वितळायचा.

डॉक्टरांच्या पेटीतल्या पात्याने तिने पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला आणि घड्याळाची वायर दुसऱ्या कोऱ्या जागी वेगळी कसली. कपाळावर गंज घेऊन ती बाहेर आली.

"डॉक्टर, तीनदा माझं निदान चुकलं. घड्याळ चांगलंच होतं. मी उगाच त्याला कापत बसले."

डॉक्टर हसले. "ताई, माझे पेशंटही कुठे दुखतं ते सांगत नाहीत. गोठ्यात जाऊन बघावंच लागतं."

या गोष्टीला पाच वर्षं झाली. ते घड्याळ आठवड्याला मिनिटभर मागे पडतं, पण पुन्हा बंद पडलेलं नाही. आता कुणी जुन्या गाडीचं नुसतं घड्याळ हातात घेऊन आलं, तर मामी त्याला आधी गाडी आणायला पाठवते. मामाने तिच्यासाठी एक जाड सतरंजी शोधून ठेवली आहे. दारात गाडी थांबली की तो न विचारता ती गाडीपाशी नेऊन अंथरतो आणि टॉर्च घेऊन बाजूला उभा राहतो.