कौसा आत्याचा भुऱ्या

फॅमिली ग्रुपवर टाकलेला कौसा आत्याचा तो हार घातलेला फोटो आधी काढा.

खाली लिहिलंय, "सर्वांची लाडकी आत्या."
सर्वांची? लाडकी? जरा लाज वाटू द्या.

आज तिची पुण्यतिथी. ती गेली तेव्हा तुमच्यातले निम्मे जन्मलेही नव्हते. मी शाळेत जात होते. सगळं पाहिलंय, म्हणून सांगते.

आत्या माझ्या वडिलांची सगळ्यात मोठी बहीण. तरुणपणीच नवरा गेला, धाड गावाला माहेरी परत आली आणि आमच्या घरात राबून म्हातारी झाली. मूलबाळ नाही. जेवायला शेवटी, लग्नकार्यात मागे. कामाशिवाय तिच्याशी कोणी दोन शब्द बोलत नव्हतं.

मग एक शेळी विताना मेली आणि पिल्लू मागे राहिलं. आत्यानं चिंधी दुधात बुडवून बुडवून ते जगवलं.
तोच भुऱ्या.

तो तिच्या बाजेखाली झोपायचा. धुणं घेऊन नाल्यावर निघाली की मागे मागे. ती त्याला सगळं सांगायची, दुखऱ्या गुडघ्यापासून भावजयांच्या टोमण्यांपर्यंत.

घरात हसायचे. "बुढी बोकडासंगं बोलून राह्यली!"
अरे, मग तुम्ही बोलायचं ना! कोणी हात धरले होते?

मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या काकूनं, नातवासाठी देवीला नवस बोलला होता. घरचा बोकड देईन. विकतचा चालत नाही म्हणे. नातू झाला आणि सगळ्यांचे डोळे भुऱ्याकडे वळले.

आत्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, स्वतःच्या धाकट्या भावाच्या पाया पडली. "दुसरा आन रे बापा. याले नोको नेऊ. मले बोलाले हाच एक हाये."

मोठे बाबा म्हणाले, "घरचं खाल्लं, घरचाच झाला. तुहं काय हाये इथं?"

तिला घरी बसवून त्याला देवळापाशी नेलं. अंगावर पाणी शिंपडलं. आमच्याकडची रीत अशी की बोकडानं अंग झाडलं तर देवीनं कबूल केला. नाही झाडलं तर कापत नाहीत.

भुऱ्या झाडेना.
पुन्हा पाणी. पुन्हा.
तो नुसता उभा.

एक म्हातारा म्हणालाही, "देवीच्या मनात नाही, सोडा त्याले." मला वाटलं, सुटला.

तेवढ्यात आत्या धावत आली. लांबूनच ओरडली, "भुऱ्या!"

त्यानं मान वळवली.
आणि अंग झाडलं.

"कबूल! कबूल!"

देवीला मध्ये आणू नका. ओलं जनावर ओळखीच्या आवाजाकडे वळलं, एवढंच झालं. पण पंगतीत मोठे बाबा हसत सांगत होते, "अक्काच्याच हाकेनं मानला!" लोकही हसले. रस्सा वाढून घेतला. आत्यापुढेही ताट ठेवलं. ठेवलं हो!

त्या दिवसानंतर आत्यानं कोणालाच हाक मारली नाही. जेवायला बोलवायचं तरी जवळ येऊन खांद्याला हात लावायची. तर म्हणे, "बुढीले भ्रम झाला."

पुढच्या हिवाळ्यात ती गेली.
तेराव्याला हीच माणसं डोळे पुसत एकमेकांना सांगत होती, "बिचारी एकटी होती."

एकटी नव्हती.
तुम्ही केलीत.

आत्या, आपल्या घराच्या वतीनं मी काही वाहत नाही. हा नमस्कार माझ्या एकटीचा. सुखानं राहा.