कानबाईची वाळू

आम्हाला कोणी ‘पर्यावरणवाले’ म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आम्ही उपासतापास करणाऱ्या, डोक्यावरचा पदर सांभाळणाऱ्या बायका. मतदानाच्या दिवशी आमच्या घराण्याचं बोट कुठल्या चिन्हावर जातं, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मोर्चे काढणं, रस्त्यात बसणं आमच्या रक्तात नाही. तरी नदीच्या वाळूसाठी राज्य सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिलो त्या आम्हीच, आणि त्याची मला काडीची लाज नाही. जुनं राखायचं ही आमची रीत असेल, तर नदीपेक्षा जुनं आमच्याकडे दुसरं आहे तरी काय?

माझं माहेर धुळ्याकडचं, पांझरेकाठचं. सासर जळगाव जिल्ह्यातलं, गिरणेच्या काठी. दोन्हीकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, देवी सजवायची आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर बोळवायची. परतताना तिच्या रिकाम्या पाटावर नदीची ओली वाळू आणायची आणि ती घरात टाकायची. देव्हाऱ्याखाली, धान्याच्या कोठीपाशी, कोपऱ्याकोपऱ्यात. देवी गेली तरी घर रिकामं राहू नये, म्हणून. आमच्याकडे ही वाळू आणून माझ्या आणि अंगणापलीकडच्या दिरांच्या घरात टाकायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. सासूबाईंनी तो मला दिला तेव्हा पात्रात पाऊल घोट्यापर्यंत रुतायचं.

नंतर डंपर आले. देवीला बोळवायला जिथून नदीत उतरतो, त्या उतारापाशी त्यांनी पात्र असं खरवडलं की खालचा खडक उघडा पडला. पलीकडच्या काठाला, गावाच्या पाण्याच्या विहिरीभोवती, तेवढी वाळू उरली होती. ती होती म्हणून विहिरीला पाणी होतं. आणि नेमकं त्याच वाळूघाटाचं नाव सरकारच्या लिलावाच्या यादीत आलं. दिवाळीनंतर लिलाव. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आम्ही हंडे घेऊन टँकरमागे पळणार, हे ठरलेलं. जिल्ह्याच्या कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, धोरण मुंबईत ठरतं, तिकडे बोला. इतक्या गोड आवाजात म्हणाले की भांडायलाही जागा ठेवली नाही.

मुंबईत बोलू शकेल असा माणूस घरातच होता. माझे धाकटे दीर, नाना. उभं आयुष्य त्यांनी पक्षाच्या कामात घातलं. वाळूचं धोरण ठरवणाऱ्या खात्याचे मंत्री प्रचाराला आले की भरीत-भाकरी खायला नानांच्याच ओट्यावर बसायचे. नानांची पांढरी टोपी अंघोळ आणि झोप सोडली तर डोक्यावरून उतरलेली कोणी पाहिली नव्हती. त्या टोपीचा त्यांना फार अभिमान, आणि खरं सांगायचं तर मलाही होता.

पण नाना काही केल्या तयार होईनात. “वहिनी, आपलं सरकार शे. आपलाच लोकेसले तोंडघशी कसं पाडानं?”

“नदी बी आपलीच शे ना, नाना?”

ते सुपारी कातरत राहिले.

मग कानबाई आली. त्या वर्षी पाऊस बेताचाच होता. देवीला घेऊन आम्ही नदीवर पोचलो तेव्हा उतारापाशी खडक, चिखल आणि मधून वाहणारं पाणी. पलीकडे जायची सोय नव्हती. रिकामा पाट घेऊन परत कसं जायचं? तेवढ्यात पुढे गेलेल्या नानांची हाक आली, “आठे या, आठे रेती शे!” एका खडकाच्या आडोशाला खरंच वाळूचा छोटा ढीग होता, ओला. बायकांनी हात जोडले. देवीनंच राखून ठेवली, म्हणाल्या. मीही तेच समजले, पाट भरला आणि गाणी म्हणत घरी आले.

देव्हाऱ्याखाली टाकायला पहिली मूठ उचलली आणि बोटं थबकली. नदीच्या वाळूचे कण पाण्यानं घासून गोल झालेले असतात. हे कण टोचत होते, आणि मूठ उघडली तर तळहातावर राखाडी पीठ. खाणीतला दगड मशीनमध्ये भरडून काढतात ती क्रश सँड. देवळाच्या सभामंडपाचं काम चालू होतं, तिथला तिचा ढीग मी येता-जाता रोज बघत होते.

अंगण ओलांडून नानांच्या घरी गेले आणि पाट त्यांच्यासमोर धरला. “नाना, ही रेती कोठेनी शे?”

ते खोटं बोलले नाहीत, एवढं श्रेय देते. “मीच आनेल शे, वहिनी. बाया रिकामा पाट लिसन उन्यात म्हंजे गावभर बोंब व्हई. निवडनूक तोंडवर शे. कोनले काय समजी, आसं वाटनं मले.”

“देवीले फसाडं तुम्ही? सरकारसाठे?”

मी रागानं रडले. दिरासमोर रडायची माझी ही पहिलीच वेळ. मग डोळे पुसले, ती भुकटी सभामंडपाच्या ढिगावर नेऊन ओतली, पाट धुतला आणि देव्हाऱ्याला रिकामाच टेकवून ठेवला. नानांना सांगितलं, मुंबईला जाऊन हे जसंच्या तसं सांगा. नदी देईल तेव्हाच आता दोन्ही घरांत वाळू पडेल. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मला होकार देत मान हलवली. नवऱ्याची बाजू घेतली नाही, हे मी विसरणार नाही.

त्यानंतर जेवताना नानांची नजर त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या रिकाम्या कोपऱ्याकडे जायची, असं जाऊबाई सांगायच्या. मग एके सकाळी इस्त्रीचे कपडे घालून माझ्या दारात. “चला, वहिनी. मुंबईले जाऊत.”

आम्ही एकटे गेलो नाही. माझ्या माहेरच्या गावातल्या बायका आल्या, त्यांच्या पांझरेची गतही वेगळी नव्हती. आमच्या काठच्या आल्या. घोषणा नाही, फलक नाही. ठेवणीतली लुगडी नेसून आम्ही मंत्र्यांच्या दालनात गेलो, जणू कोणाच्या घरी हळदीकुंकवाला आलोय. मंत्री उठून उभे राहिले. “या नाना! भरीत आणलं का?”

नानांनी वाटेत भाषण घोकलं होतं, शुद्ध मराठीत. त्यातलं अक्षरही बाहेर पडेना. शेवटी म्हणाले, “साहेब, मी देवीले खोटी रेती दिधी. तुमनी इज्जत जावाले नको म्हनीसन.” आणि खाली बसले.

मंत्र्यांना अर्थ लागला असावा. घाटाचं आणि विहिरीचं मी सांगितलं. मग त्यांनी सचिवाला बोलावलं आणि आम्हाला म्हणाले, हा घाट यादीतून काढतो, निश्चिंत राहा.

“आम्ही एका घाटासाठी आलो नाही,” मी म्हणाले. “जिथे गावाची विहीर आहे, जिथे देवीची बोळवण होते, तिथे ग्रामसभा नको म्हणाली तर लिलाव नाही, असा नियम सगळ्या राज्याला करा.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे मला गप्प करणार, असं वाटलं.

“वहिनी बरोबर बोलतस,” ते म्हणाले.

आमचा घाट यादीतून गेला. राज्याचा नियम अजून मसुद्यात आहे. होईल, कारण आम्ही पाठ सोडत नाही. प्रत्येक अधिवेशनाच्या आधी आम्ही जातो, आणि मधल्या काळात नाना फोन करतात. त्यांचा आवाज आला की तिथला कारकून चहा न पिताच फाईल शोधायला लागतो, म्हणे. आम्ही परके असतो तर त्यांनी आम्हाला केव्हाच वाटेला लावलं असतं. पण घरच्या माणसाला दारातून कसं घालवणार? कोणी काही म्हणो, आमचं बळ यातच आहे.

पुढचा श्रावण आला. दोन पूर येऊन गेले होते. उतारापाशी, त्याच खडकाच्या आडोशाला, नदीनं वाळूचा हातभर पट्टा आणून टाकला होता. पातळच, पण टाकला होता. देवीची बोळवण झाल्यावर मी वाकले, चिमूटभर उचलली आणि बोटांत चोळली. बायका गाणं थांबवून बघत होत्या. नाना सगळ्यांच्या मागे उभे होते.

“काय, वहिनी? खरी शे ना?”

“खरी शे, नाना.”

पाट मी भरून घेतला. घरी जाऊन मग त्यांच्याकडे वाळू टाकायची, अशी रीत. पण नाना गर्दीतून पुढे आले. सगळ्या गावासमोर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली.

मी पहिली मूठ त्यांच्या टोपीत घातली.