न पोचलेले निरोप मोजणारी

मायाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेत होतो. प्रकाशदादा फोनवर कधी लांबण लावत नाहीत. "सर, माया गेली. सकाळी आंघोळ करून आली, खुर्चीत बसली, अन् उठलीच नाई," एवढं सांगून ते थांबले. मग म्हणाले, "तुमी या." पोरांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला पोचलो तेव्हा तिच्या घरासमोर पांढऱ्या कपड्यातली माणसं जमली होती. माझी तिच्याशी आदल्याच आठवड्यात फोनवर अर्धा तास बाचाबाची झाली होती, एका आलेखावरून. तो वाद अर्धवट राहिला होता...

पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वलगावहून तिची मावशी आली होती. वंदना झाली, दोन-चार जण बोलले. मी खाली बसलो तशी मावशी हळूच म्हणाली, "बापू, पोरीनं एवढं शिकून काम काय केलं ते आमाले कधी समजलंच नाई. तुमी संगं होते. सांगा ना." मी प्रयत्न केला, पण चार वाक्यांच्या पुढे गेलो नाही. त्या दिवशी जे राहिलं ते आता लिहितो आहे.

माया आणि मी अभियांत्रिकीला एकाच वर्गात होतो. तिचे वडील वलगावला लाईनमन होते, माझं घर पातूरकडचं, भाजीपाल्याचं. ती रोज बसने यायची, आणि बस चुकली तर वडिलांच्या सायकलवर, मागे तारांचं भेंडोळं आणि पुढे ही. पदवीनंतर मी इथेच शिकवायला लागलो आणि ती संशोधनासाठी दक्षिणेत गेली. परत येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सहा-सात वर्षांनी एका दुपारी ती आमच्याच विभागात शिकवायला रुजू व्हायला येऊन उभी राहिली. हातात स्टीलचा जेवणाचा डबा होता आणि डब्यात, सुती रुमालात गुंडाळलेली, दोन हिरवी कार्डं. "रेल्वेत मांडीवर घेऊन आली," ती म्हणाली. "जेवण मात्र स्टेशनावरचं खाल्लं."

ती कार्डं म्हणजे तिचं सगळं आयुष्य होतं असं म्हटलं तरी चालेल. एका संगणकाने दुसऱ्याला काही विचारलं, की तो प्रश्न तारेतून येतो, नेटवर्क कार्डावर उतरतो, तिथून आत मुख्य प्रोसेसरकडे जातो, प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, उत्तर शोधतो, आणि त्याच वाटेने परत पाठवतो. तार आता इतकी वेगवान झाली आहे की सगळा वेळ या आतल्या ये-जा करण्यातच जातो. मायाचं म्हणणं असं, की साध्या प्रश्नांची उत्तरं कार्डानेच देऊन टाकावीत. वर्गात ती हे तिच्या पद्धतीने सांगायची. "तलाठ्याच्या ऑफिसात गेलं, अन् साहेब कधी बसते एवढंच विचाराचं आहे. त्यासाठी साहेबापाशी कायले जायचं? दारातल्या शिपायाले माहीत आहे ना." पोरं हसायची, आणि त्यांना कायमचं समजायचं. तिच्या कार्डावरच्या चिपची आतली जोडणी आपल्याला हवी तशी बदलता यायची, म्हणून तो दारातला शिपाई घडवणं शक्य होतं. फक्त घडवायला फार वेळ लागायचा. एक छोटा बदल केला की चिपची नवी मांडणी तयार व्हायला तीन तास... आणि मग कळायचं की चुकलं.

आम्हाला प्रयोगशाळा म्हणून जी खोली मिळाली ती जुनी ड्रॉइंग बोर्ड ठेवायची कोठी होती. पत्र्याचं छप्पर. मार्च सरला की अकरा वाजता कार्ड तापून स्वतःच बंद पडायचं. कूलर लावला तर ओलाव्याची भीती. म्हणून उन्हाळाभर आम्ही पहाटे पाचला जायचो आणि दहाच्या आत आवरायचो. ती वर्षं मला आयुष्यातली सगळ्यात चांगली वाटतात. बाहेर लिंबाखाली झाडणारी बाई खराटा फिरवायची, आत दोन संगणकांमध्ये पिवळी प्रकाशतंतूची वायर, आणि पडद्यावर आकडे. माझी आई पातूरहून वांगी आणि मेथीची गड्डी पाठवायची ती निम्मी मायाकडे जायची. तिच्या घरून सांडगे यायचे. मी मोजमापाचा भाग बघायचो, ती चिपचा. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांत उत्तर परत यायला लागलं, तेव्हा तिने कागदावर आकडा लिहिला, माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाली, "पाह्य. आपल्या कोठीतून." आम्ही शोधनिबंध लिहिला. परदेशातल्या एका मोठ्या परिषदेने तो स्वीकारला. विभागात पेढे वाटले गेले. माझी पदोन्नतीची मुलाखत दोन महिन्यांवर होती आणि या एका निबंधावर माझी सगळी भिस्त होती.

पंधरा दिवसांनी मी सकाळी गेलो तर ती आधीच येऊन बसलेली. समोर कागद पसरलेले. "सुधाकर, बस," ती म्हणाली. "आपण चुकलो."

भार वाढला की कार्ड काही प्रश्न गुपचूप टाकून देत होतं. उत्तर पाठवतच नव्हतं. आणि मी लिहिलेला मोजमापाचा प्रोग्राम फक्त परत आलेल्या उत्तरांचा वेळ धरत होता. जी आलीच नाहीत त्यांचा हिशेबच नव्हता. त्यामुळे सरासरी इतकी सुंदर दिसत होती.

चूक माझ्या भागातली होती. तिने ते एकदाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "निबंध मागं घ्या लागते." मी म्हणालो, थोडेसेच तर आहेत, तळटीप देऊ, पुढच्या निबंधात सुधारू. ती मान हलवत राहिली. "ज्याले उत्तर भेटलं नाई त्याले जाऊन सांग ना, थोडेसेच आहेत म्हणून." मी मुलाखतीचं बोललो. ती म्हणाली, "मले माहीत आहे. मले वाईट वाटून राहिलं. पण हे खोटं आहे."

मग मी जे बोललो ते इथे लिहायचं की नाही यावर बरेच दिवस विचार केला. न लिहिलं तर हा लेखही त्या सरासरीसारखाच होईल. मी म्हणालो, "तुले काय फरक पडते? तुमची जागा तर राखूनच ठेवली असते."

तिने कागद गोळा केले, पेनाला टोपण लावलं, आणि ती बाहेर गेली. खराट्याचा आवाज तेवढा येत राहिला. तिच्याशी पंधरा वर्षं मैत्री असलेल्या, तिच्या घरचे सांडगे खाल्लेल्या माणसाच्या तोंडून ते आलं. कुठे होतं इतकी वर्षं माझ्यात, कुणास ठाऊक.

त्याच दिवशी तिने परिषदेला पत्र पाठवलं. माझी पदोन्नती हुकली. पुढच्या वर्षी तिने अकोल्याच्या महाविद्यालयात बदली मागून घेतली. एक कार्ड माझ्यासाठी ठेवून गेली. मी त्याला हात लावला नाही. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. विद्यापीठाच्या बैठकीत समोरासमोर आलो तरी ती इतर लोकांना करते तसा नमस्कार करायची. तो नमस्कार मला फार लागायचा. माफी मागायची असं दर वेळी ठरवायचो आणि चहाच्या टेबलापर्यंत जाऊन परत फिरायचो.

मग एका रविवारी तिचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "सुधाकर, कार्ड सुधरलं. आता एकही प्रश्न टाकून देत नाई. पहिल्यापेक्षा हळू आहे, पण सगळ्यांले उत्तर देते. निबंध पाठवून राहिली. तुझं नाव टाकलं आहे. काढू का?"

मी म्हणालो, "माया, मी त्या दिवशी जे बोललो..."

"ते मी ऐकलं," ती म्हणाली. "विसरली नाई. विसरणार पण नाई. पण काम दोघायचं होतं. नाव कामाचं असते. ठेवू?"

मी अकोल्याला गेलो, तिच्या घरी बसून माफी मागितली. तिच्या आईसमोर मागितली, कारण तेच योग्य वाटलं. मायाने ऐकून घेतलं. आईने चहा केला. "चाल, तुले प्रयोगशाळा दाखवते," माया नंतर म्हणाली. इतकंच. पूर्वीसारखं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर ती जाईपर्यंत दर आठवड्याला आमचा फोन असायचा, आणि भांडणं फक्त आलेखांवरून व्हायची.

तो निबंध एका लहानशा परिषदेत छापून आला. त्याचा गाजावाजा झाला नाही. पण तिच्या हाताखाली शिकलेल्या बार्शीटाकळी, वलगाव, पातूरच्या पोरी आज मोठ्या कंपन्यांत नेटवर्क कार्डं घडवतात, आणि मोजताना काय सुटलं ते आधी विचारतात. मावशी, तुम्ही विचारलं होतं ना... हे काम होतं.

मागच्या शनिवारी तिच्या महाविद्यालयाने मला बोलावलं. प्रयोगशाळेतलं काय ठेवायचं, काय भंगारात काढायचं ते सांगा म्हणाले. खोलीत तिची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी स्नेहल एकटी काम करत होती. दोन संगणक चालू, पंख्यांचा एकसुरी आवाज. मी यादी बाजूला ठेवली आणि तिला विचारलं, कार्ड आपल्या स्मृतीत उत्तर नेमकं कसं शोधतं. हा चिपमधला भाग मायाने मला निदान तीनदा समजावला होता आणि तिन्ही वेळा मी कळलं म्हणून मान डोलावली होती.

स्नेहल जरा संकोचली. मग खडू घेऊन फळ्याशी गेली. "पाहा सर, प्रश्न इथून आला. आता त्याले घर शोधा लागते..." ती दहा मिनिटं बोलली. चौकोन काढले, बाण काढले, एक बाण पुसून पुन्हा काढला. मग वळून म्हणाली, "समजलं ना सर?"

"नाही," मी म्हणालो. "पुन्हा सांग."